मधलं मीटर

जळगाव
१२ जून २०२५

जब्बारभाई यांस नमस्कार.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहून पाठवतो. टेम्पोवाल्या कुंदनबरोबर माझ्या गाडीचं पुढचं, मीटर आणि बटणांचं पॅनेल पाठवलं आहे. दोन गोधड्यांत गुंडाळलं आहे. अॅम्बेसेडर, १९६५ ची. तुम्ही ओळखाल. तीन वर्षांपूर्वी मीटरची केबल तुम्हीच बदलली होती. त्या वेळी माझी पत्नी नूतन बरोबर होती.

नूतन गेल्या नोव्हेंबरच्या नऊ तारखेला वारली. पारोळ्याला तिच्या बहिणीकडे साखरपुडा होता. दुपारी जेवणानंतर तिच्या छातीत दुखू लागलं. जळगावपेक्षा धुळे जवळ, म्हणून मी तिला याच गाडीत घालून धुळ्याला निघालो. दवाखान्यात पोचलो तेव्हा ती होती. अर्ध्या तासाने गेली. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटं आधी आला असता तर काही करता आलं असतं.

ते आमच्या मुलीने, भाविकाने, नंतर लोकांकडून ऐकलं. ती नाशिकला असते. रात्री पोचली आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही गाडी किती हळू चालवली?" मी म्हणालो, सत्तरच्या खाली काटा येऊ दिला नाही. तिने मान फिरवली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

तर काम एकच आहे. रंग नको, पॉलिश नको. मीटर खरं दाखवतं का, तेवढं तपासा. सत्तर म्हणजे सत्तरच का? काही उघडण्याआधी तपासा. मी चौतीस वर्षं कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. उपकरण जसं आलं तसं आधी तपासायचं, मग हात लावायचा, असं आम्ही मुलांना सांगायचो.

पॅनेल काढायला दोन दिवस लागले. घाईने काढलं नाही. पण घरात बसवत नव्हतं. आता गाडीत त्या जागी नुसत्या वायरी लोंबतात. तरीही संध्याकाळी मी जाऊन तिथे बसतो आणि लगेच उठतो.

सत्तावीस वर्षांपूर्वी ही गाडी आम्ही बघायला गेलो होतो. मी बॉनेट उघडून इंजिन बघत होतो. नूतन सरळ आत जाऊन बसली. मी म्हणालो, बाहेरून तरी बघ, पत्रा सडलाय. ती म्हणाली, "बाहेरचं लोकांनी बघायचं. आपल्याला जन्मभर हेच बघायचं आहे." आणि पॅनेलवरून हात फिरवला. गाडी तिथेच ठरली.

सावकाश करा, पण कळवा.

आपला
योगेंद्र


देवपूर, धुळे
२१ जून २०२५

योगेंद्रसर, सलाम.

पॅनेल मिळालं. गोधड्या परत पाठवतो, चांगल्या आहेत.

बाईंची खबर वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. बायकोला, सुगराबीला, सांगितलं. ती म्हणाली, त्या माझ्या हातचा चहा दोनदा मागून पिणाऱ्या बाई? हो म्हटलं, त्याच.

तुमचं पॅनेल टेबलावर उभं करून ठेवलं आहे. दुकानात येणारा प्रत्येक माणूस त्याच्यापुढे थांबतो. काल भटू रिक्षावाला आला होता, त्याच्या रिक्षाचं मीटर घेऊन. बटणं ओढून बघत बसला. माझ्या पाटीवर लिहिलं, चाचा, ह्याच्यात काय आहे एवढं? मी म्हटलं, डोळे मिट. मिटले. त्याचा हात धरून एकेका बटणावर ठेवला. हे गोल गुळगुळीत, हे कडेला दातेरी, हे लांबट. तीनदा फिरवला आणि मग म्हटलं, आता दिव्याचं बटण ओढ. बरोबर ओढलं. म्हटलं, हे आहे ह्याच्यात. आजच्या गाडीत टीव्ही बसवतात. गाडी चालवायची की टीव्ही बघायचा? ज्या माणसाने हे पॅनेल आखलं त्याला माहीत होतं की ड्रायव्हरचे डोळे रस्त्यावर असतात. आणि मीटर मधोमध दिलं. ड्रायव्हर काय करतो ते बाजूच्यालाही दिसलं पाहिजे. आता सगळं ड्रायव्हरच्या पुढ्यात असतं, बाजूच्या माणसाने बाहेर बघत बसायचं.

मीटर विजेच्या मोटरीवर लावून तपासलं. साठला साठ, सत्तरला सत्तर. मीटर खरं आहे. मनात काही आणू नका.

काच साफ केली आहे. दुसरं काही केलेलं नाही.

आपला
जब्बार मिस्त्री

(सर, मी निलोफर, त्यांची नात. आजोबा सांगतात आणि मी लिहिते. चुका माझ्या.)


जळगाव
२६ जून २०२५

जब्बारभाई यांस नमस्कार.

पत्र मिळालं. भटूचं वाचून बरं वाटलं. नूतन असती तर तिनेही डोळे मिटून बघितलं असतं.

पण मीटर खरं असेल तर माझा हिशोब बसत नाही. तुम्हाला त्रास देतो आहे, पण हे मी दुसऱ्या कुणाला लिहू शकत नाही.

पारोळ्याच्या बाहेर हायवेला लागताना मी भाविकाला फोन केला होता, मम्मीला धुळ्याला नेतोय म्हणून. मोबाइलमध्ये त्याची वेळ दोन वाजून दहा मिनिटं आहे. दवाखाना धुळ्याच्या अलीकडे हायवेलाच लागून आहे. तिथल्या केसपेपरवर दोन पन्नास छापलं आहे. म्हणजे चाळीस मिनिटं. अंतर छत्तीस किलोमीटर. परवा मी स्कूटर घेऊन गेलो आणि मोजून आलो. जाताना मोजलं, येताना मोजलं. पावसाची भुरभुर होती, तरी गेलो. घरी थांबून करणार काय?

सत्तरने छत्तीस किलोमीटर जायला एकतीस मिनिटं लागतात. मला चाळीस लागली. नऊ मिनिटं जास्त. रस्ता मोकळा होता. काटा सत्तरवर होता हे मी शपथेवर सांगेन. नूतन बाजूला होती, तिनेही बघितला होता. ती तर कायमच बघायची. मीटर मधोमध असल्यामुळे तिला माझ्यापेक्षा नीट दिसायचं. साठच्या वर गेलं की ती खाकरायची. तोंडाने काही बोलायची नाही. मी चिडलो की अहिराणीत म्हणायची, "माले बठ्ठं दखास." मला सगळं दिसतं.

आता ही नऊ मिनिटं कुठे गेली? मी त्यांच्यासाठी तो रस्ता दोनदा मोजून आलो. घरात असलो की या खोलीतून त्या खोलीत जातो. शेजारचे रुपचंदनाना कालच म्हणाले, योगेंद्र, बसत जा रे जरा, तुझ्याकडे बघून मला धाप लागते.

भाविकाचा फोन आला होता. विजेचं बिल भरलं का, एवढं विचारायला. मी म्हणालो, मीटर तपासायला दिलं आहे. ती म्हणाली, "पप्पा, मीटर तपासून काय होणार? तुम्ही १०८ ला फोन का केला नाही, ते सांगा." मला सुचलं नाही, हेच खरं उत्तर आहे. गाडी दारात उभी होती.

तुम्हाला एकच विचारतो. मीटर तुम्ही उघडण्याआधी तपासलं की नंतर?

आपला
योगेंद्र


जळगाव
१९ जुलै २०२५

जब्बारभाई यांस,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना? माझ्या पत्रात काही कमीजास्त लिहिलं गेलं असेल तर राग मानू नका. पॅनेलची घाई नाही. उत्तराची आहे.

योगेंद्र


देवपूर
२४ जुलै २०२५

योगेंद्रसर यांना,

हे पत्र मी आजोबांना न विचारता लिहिते आहे.

आजोबांची तब्येत ठीक आहे. उत्तर थांबलं आहे ते माझ्यामुळे. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी त्यांनी मला उत्तर सांगितलं होतं. मी पेन खाली ठेवलं. मी म्हणाले, मी दुकानातच होते, हे खरं नाही आणि हे मी माझ्या अक्षरात लिहिणार नाही. मी डीएडला आहे, उद्या मुलांना काय शिकवू? ते रागावले. म्हणाले, तौफिककडून लिहून घेतो. तौफिक माझा भाऊ. त्याचं मराठी अक्षर कुणालाच वाचता येत नाही, त्याला स्वतःलाही नाही.

तेव्हापासून घरात अबोला आहे. दादी दोघांना वेगवेगळं जेवायला वाढते. पण काल आजोबांनी तुमच्या पॅनेलवरचं कापड काढलं आणि बराच वेळ बघत बसले. थोडे दिवस थांबा. ते सांगतील.

निलोफर


देवपूर, धुळे
२ ऑगस्ट २०२५

योगेंद्रसर,

या वेळी निलोफर मी सांगतो तेच लिहील, तसं ठरलं आहे.

मी मीटर आधी उघडलं आणि नंतर तपासलं. तुम्ही लिहिलेलं वाचूनही तसं केलं. कारण त्यात काय आहे ते मला माहीत होतं. मीच केलं होतं.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही केबल बदलायला आला होता. मी तुम्हाला पंख्याचा पट्टा आणायला नदीपलीकडे बाजारात पाठवलं. तुम्हाला तासभर लागला. बाई दुकानात स्टुलावर बसल्या होत्या. माझ्याकडे गिऱ्हाइकांसाठी पाटी असते, ज्याला जे सांगायचं ते तो लिहितो. बाईंनी पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, "हे साठला सत्तर दाखवेल असं करता येतं का?"

मला हसू आलं. मी म्हटलं, बाई, माझ्याकडे लोक उलटं काम घेऊन येतात. गाडी विकायची असली की म्हणतात किलोमीटर कमी करा, ते मी करत नाही. वेग जास्त दाखवायला सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या.

त्यांनी पुसून लिहिलं, "यांना सत्तरशिवाय करमत नाही. मला साठच्या पुढे भीती वाटते. खाकरून खाकरून घसा गेला. यांचं सत्तर होईल आणि माझं साठ. दोघं खूश."

मी नाही म्हटलं. खोटं मीटर देत नाही म्हटलं. त्यांनी लिहिलं, "मग खाकरण्यावर औषध द्या." तेवढ्यात सुगराबी चहा घेऊन आली, तिने पाटी वाचून घेतली आणि बाईंच्या बाजूने झाली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, करून द्या ना, हळू जाऊन कुणाचं वाईट झालंय का?

कुणाचं वाईट झालंय का. हे शब्द या महिनाभरात मी किती वेळा ऐकले ते मलाच माहीत. कान गेले तरी ऐकू येतात.

मी आतली स्प्रिंग केसभर सैल केली. गाडी उभी असताना काटा शून्यावरच राहायचा. साठने धावली की सत्तरवर जायचा. तुम्ही पट्टा घेऊन आलात तेव्हा बाई चहाचा दुसरा कप पीत होत्या. तुम्ही विचारलं, झालं का? त्या म्हणाल्या, झालं. मी मान हलवली.

म्हणजे त्या दिवशी तुम्ही सत्तर बघत होता आणि गाडी साठने जात होती. पॅनेल आलं, सोबतचं पत्र वाचलं. मी मागचं झाकण उघडलं, स्प्रिंग जागेवर आणली आणि मग तुम्हाला लिहिलं, मीटर खरं आहे. तेव्हा ते खरं होतं. आधी नव्हतं.

पन्नास वर्षांच्या कामात खोटं मीटर एकदाच दिलं. तुमची मुलगी म्हणते ना की पप्पांनी हळू चालवली? तिला मी लिहितो. निलोफर लिहील, मी सही करतो, अंगठाही देतो. सगळा कसूर माझा आहे. तुम्हाला हवं तर पोलिसात द्या, मी नाही म्हणणार नाही.

जब्बार


जळगाव
१८ ऑगस्ट २०२५

जब्बारभाई यांस नमस्कार.

तुमचं पत्र पाच तारखेला मिळालं. लगेच उत्तर दिलं नाही, तुम्हाला थांबायला लावलं, माफ करा. पहिले दोन दिवस मी तुमच्यावर रागावलो होतो. ते लपवत नाही. स्कूटर काढून एरंडोलपर्यंत गेलो आणि काही काम नसताना परत आलो. तिच्यावरही रागावलो. तीन वर्षं मी ऐटीत सत्तरने गाडी चालवत होतो आणि ती शेजारी शांत बसायची. मी मित्रांना सांगायचो, वयानं बायको निवळली, आता खाकरत नाही.

मग कागद घेऊन बसलो. साठने छत्तीस किलोमीटर म्हणजे छत्तीस मिनिटं. सत्तरने एकतीस. तुमच्या स्प्रिंगची पाच मिनिटं झाली. मला नऊ लागत होती.

उरलेली चार कुठे गेली ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती मी तुम्हालाही लिहिली नाहीत. पॅनेल पाठवताना मला आशा होती की मीटरमध्येच सगळी नऊ सापडतील आणि ती चार कुणाला सांगावी लागणार नाहीत. म्हणून तुम्ही उत्तर लपवलंत त्याबद्दल मी तुम्हाला बोलू शकत नाही.

अर्ध्या वाटेवर पॅनेलवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागला. तुम्हाला सांगायला नको, तो लागला तरी गाडी बॅटरीवर सहज तास-दोन तास जाते. मलाही माहीत आहे. मी मुलांना विद्युत शिकवायला मदत करत होतो. पण इतकी वर्षं माझा नियम होता, पॅनेलवर लाल दिसलं की गाडी बाजूला घ्यायची. मी गाडी बाजूला घेतली. उतरलो, बॉनेट उघडलं. डायनामोची वायर निसटली होती. ती आठवड्यापूर्वी मीच बसवली होती. रुमालाने धरून परत बसवली. हात भाजला.

नूतन आतून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ना तो दिवा. चला." दोनदा म्हणाली. मी म्हणालो, झालंच, एक मिनिट.

परत आत बसलो आणि तिला म्हणालो, "विझला बघ." मला बरं वाटलं होतं, जब्बारभाई. दिवा विझला म्हणून बरं वाटलं होतं. 

एवढंच आहे.

भाविका पंधरा ऑगस्टला जोडून तीन दिवस आली होती. तुम्ही तिला पत्र लिहू नका. मीच सांगितलं. शनिवारी सकाळी ती चहा करत होती, तेव्हा सांगितलं. आधी तुमचं पत्र वाचायला दिलं. खाकरण्यावर औषध द्या, तिथे आल्यावर ती हसली. मी तिला नऊ महिन्यांनी हसताना बघितलं. म्हणाली, "मम्मीने तुम्हाला तीन वर्षं गंडवलं आणि तुम्हाला, लॅबवाल्याला, कळलं नाही?" मग पुढचं वाचून पत्राची घडी घातली. मग मी चार मिनिटांचं सांगितलं. एका दमात सांगितलं, नाहीतर राहिलं असतं.

मला वाटलं ती उठून जाईल. तिने गॅस बंद केला. म्हणाली, "पाच त्यांची, चार तुमची. माझी किती ते विचारा."

मी म्हणालो, तुझी कसली?

तिने मोबाइल काढून दाखवला. नऊ नोव्हेंबर, बारा चाळीस. नूतनचा फोन. मला ठाऊकच नव्हता. नूतनने तिला सांगितलं होतं, छातीत जळजळतंय आणि डावा हात जड झालाय. भाविकाकडे पाहुणे होते, ती घाईत होती. म्हणाली होती, "साखरपुड्याचं तेलकट खाल्लं असशील. गोळी घे आणि पड. पप्पांना सांगू नको, उगाच घाबरतील." नूतनने तिचं ऐकलं. गोळी घेतली आणि पडून राहिली. दोन वाजेपर्यंत मला कुणी काही सांगितलं नाही.

भाविका म्हणाली, "दीड तास, पप्पा. तुमच्यावर रागावले होते तोवर मला माझा दीड तास दिसत नव्हता."

 मी गॅसवरून पातेलं उतरवलं आणि चहा गाळला. दोघांनी उभ्यानेच घेतला. साखर टाकायची राहिली होती. तसाच संपवला.

दुपारी ती माझ्याबरोबर गाडीत येऊन बसली. डावीकडे. समोर नुसत्या वायरी. तिने एकेक हातात धरून विचारलं, ही कशाची, ती कशाची. मी सांगत गेलो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मी तासभर एका जागी बसलो आहे.

तर आता काम सांगतो. स्प्रिंग आहे तशी, खरी, असू द्या. तुम्ही कुठे जायचं नाही, पोलिसात नाही आणि कुठेच नाही. सुगराबींना सांगा की त्या जे म्हणाल्या ते कुणीही म्हटलं असतं. निलोफरशी बोलणं सुरू केलं असेलच.

रविवारी आम्ही दोघं एसटीने धुळ्याला येतो. भाविकाने सोमवारची आणखी एक रजा काढली आहे. पॅनेल घेऊन येऊ आणि घरी आम्ही दोघं मिळून बसवू. मी तिला विचारलं, लाल दिव्याची वायर जोडायची की सोडून द्यायची? म्हटलं, तू सांगशील तसं.

तिने ती वायर चिमटीत धरली. म्हणाली, "जोडा. पण लागला तरी थांबायचं नाही."

आपला
योगेंद्र